पातळ पडदा

"तूच केलंस हे, ताई! परकं कुणी नाही... तू!"

धाकट्यानं हातातला कागद जेवणाच्या टेबलावर आपटला. त्या धक्क्यानं पाण्याचा पेला कलंडला, पाणी कागदावरून ओघळत टेबलाच्या कडेशी आलं आणि टपटप फरशीवर गळू लागलं; तरी तिघांपैकी कुणीही ते पुसायला उठलं नाही. भर दुपार होती. आई खुर्चीत अंग चोरून बसली होती, ताई ओट्याला पाठ टेकून उभी होती, आणि त्या भिजत चाललेल्या कागदावर मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात दोनच ओळी होत्या : दोन्ही डोळे लेझर शस्त्रक्रियेसाठी अयोग्य. दर सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक.

"तुमच्या रुग्णालयातल्या तारखा देणाऱ्या बाईंनी मला सगळं सांगितलं," धाकट्याचा आवाज फाटत होता. "परवापर्यंत सगळं ठरलं होतं. गुरुवार, सकाळी दहा! काल तू डॉक्टरांच्या खोलीत गेलीस, दार लावून घेतलंस, आणि बाहेर आलीस तेव्हा माझं नाव यादीतून खोडलेलं होतं. काय सांगितलंस गं तू त्यांना?"

ताईचे ओठ हलले. जे सांगायचं होतं ते अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं... पण तिची नजर आईकडे गेली. आईनं पदराची कड मुठीत घट्ट आवळली होती आणि तिची मान अगदी किंचित, नाही म्हणत हलत होती. केवढी आर्त याचना होती त्या हलण्यात!

"तुझ्या बुबुळावरचा पडदा पातळ आहे, सोन्या," ताई एवढंच म्हणाली. "लेझरनं तो आणखी पातळ होतो. मग त्याला डोळ्यातला दाब पेलत नाही, तो पुढे येतो, नजर जाते ती..."

"ते मला पाठ आहे! रोज वीस जणांना तेच ऐकवतेस तू. पण डॉक्टर 'हो' म्हणाले होते ना? त्यांच्यापेक्षा तू शहाणी?" तो क्षणभर थांबला, आणि मग जे बोलला ते ताईच्या काळजात आरपार गेलं. "मी जहाजावर गेलो तर तू एकटी पडशील, म्हणून केलंस हे. तुझं स्वतःचं काही झालं नाही, तर माझंही होऊ द्यायचं नाही, असंच ना?"

ताई गप्प राहिली. गप्प राहणं म्हणजे कबुली, असं त्यानं धरलं. बॅग भरायला त्याला अर्धा ताससुद्धा लागला नाही.

वडील गेले तेव्हा ताई सतरा वर्षांची होती आणि धाकटा सहा. वडील ट्रक चालवायचे. पहाटे धुकं होतं, घाटात वळण दिसलं नाही, असं आईनं सगळ्यांना सांगितलं, आणि तेच घरात कायमचं खरं झालं. त्यानंतर धाकट्याला शाळेत सोडायचं, त्याच्या पुस्तकांना कव्हरं घालायची, त्याला ताप आला की उशाशी बसायचं, हे सगळं ताईचंच काम झालं. आई शिवणाच्या मशीनवरून मान वर काढायची नाही. ताईनं डोळे तपासण्याचा अभ्यासक्रम पुरा केला आणि शहरातल्या मोठ्या नेत्ररुग्णालयात लेझर विभागाच्या तपासणी खोलीत ती रुजू झाली.

त्या खोलीवर तिचा केवढा जीव होता! चष्म्याला वैतागलेली माणसं तिच्यासमोर हनुवटी टेकवून बसायची, आणि यंत्र त्यांच्या बुबुळाचा रंगीत नकाशा काढायचं. सपाट भाग निळा, उंच भाग लाल. "दहा मिनिटांचं काम ना हो?" असं विचारत लोक यायचे. ताई हसून म्हणायची, "काम दहा मिनिटांचंच. पण ते करायचं की नाही, हे ठरवायला मला दोन तास द्या." मग ती एकेक विचारत जायची. नंबर गेलं वर्षभर तोच आहे का? लेन्स वापरता का, शेवटच्या कधी काढल्या? लेन्सनं बुबुळाचा आकार दबतो, दोन आठवडे त्या बाजूला ठेवा, मगच माप खरं येईल. डोळे कोरडे पडतात का? पोटात बाळ आहे का, अंगावर पाजता आहात का? मग आत्ता नाही, नंतर या. काही महिने अंधारात दिव्यांभोवती कडी दिसतील, घाबरू नका. आणि चाळिशी आली की वाचायला चष्मा लागेलच, तेव्हा मला शिव्या देऊ नका! एका गृहस्थांनी त्यावर विचारलं होतं, "मग बाई, तुम्ही का नाही करून घेतलं लेझर?" ताई हसली होती... आणि त्या हसण्यामागे काय होतं हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. आईला.

कारण ताईचं स्वतःचं बुबुळच सरळ नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी, शिकत असताना, मैत्रिणींनी गंमत म्हणून एकमेकींच्या डोळ्यांचे नकाशे काढले, आणि तिच्या नकाशाच्या खालच्या अर्ध्या भागात एक लाल डाग उमटला. बुबुळाचा पडदा पातळ होऊन हळूहळू शंकूसारखा पुढे येत होता. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, तेव्हा आई मशीनवरचा हात तसाच ठेवून बसून राहिली, आणि मग एखादी गोष्ट वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं माणूस बोलतं तशी, तुटक तुटक बोलली.

"तुझ्या बाबांनाही... एकाचे दोन दिवे दिसायचे. शेवटच्या वर्षी तर फारच. मला सांगायचे. मी म्हणायचे, गाडी सोडलीत तर खायचं काय?... धुकं नव्हतं गं त्या दिवशी. लख्ख पहाट होती."

माय-लेकी त्या दिवशी गळ्यात पडून रडल्या. आईनं तिच्याकडून शब्द घेतला, धाकट्याला यातलं कधीही कळू द्यायचं नाही. ताईनं दिला. उजव्या डोळ्यात कडक लेन्स घालून ती स्वच्छ बघायची, डावा डोळा धूसर होत गेला तो तिनं कुणाला कळू दिला नाही, आणि नोकरीला लागताना प्रकृतीच्या रकान्यात तिनं 'निरोगी' असं लिहिलं. आयुष्यात लिहिलेलं तेवढंच एक खोटं!

धाकट्याला समुद्राचं वेड होतं. जहाजावर अधिकारी व्हायचं, तर चष्म्याशिवाय नजर चोख हवी. बाविसाव्या वर्षी तो उड्या मारत ताईच्या तपासणी खोलीत आला. पहिला नकाशा विचित्र आला, कारण पठ्ठ्यानं सकाळीच लेन्स काढल्या होत्या. ताईनं कान धरून त्याला दोन आठवडे परत पाठवलं. दुसरा नकाशा जवळजवळ नितळ होता... जवळजवळ! खालच्या बाजूला नारिंगी रंगाची एक फिकट छटा होती, आणि पडद्याची जाडी चालेल-न चालेल अशा काठावर होती.

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद निरखला. "काठावर आहे. घरात कुणाला शंकूचा आजार असता, तर मी हातही लावला नसता. पण यानं अर्जात 'नाही' लिहिलंय. करू या."

त्या 'नाही'वर धाकट्याची झोकदार सही होती. त्याला काय ठाऊक!

दोन दिवस ताई तो नकाशा पुन्हा पुन्हा काढून बघत राहिली. शेवटी तिनं आईला विचारलं, तेव्हा आईनं तिचे दोन्ही हात धरले. "नको गं! डॉक्टर करतो म्हणतायत ना? होईल सगळं नीट. हे निघालं की तो बाबांचं विचारेल. म्हणेल, आई, तुला माहीत होतं?... मी त्याला काय तोंड दाखवू?"

"आई, पण त्याचे डोळे गेले तर?"

आईनं तिचे हात सोडले. आणि दुसऱ्या दिवशी ताईनं डॉक्टरांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. तिनं उजव्या डोळ्यातली लेन्स काढली, तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टर, माझे डोळे तपासा."

डॉक्टरांनी तिचे दोन्ही डोळे तपासले. मग त्यांनी धाकट्याची फाइल पुढे सरकवली, आणि ताईनं आपल्या हातानं त्यात लिहिलं : सख्खी बहीण, दोन्ही डोळ्यांना शंकू. वडिलांनाही असावा. ही माहिती मी स्वतः देत आहे. खाली सही.

"कारण त्याला सांगू नका," ती म्हणाली. "पण सहा-सहा महिन्यांनी तपासून घे, डोळे चोळू नकोस, हे मात्र बजावून सांगा."

"आणि तुमचं काय? हे आता मला वर कळवावं लागेल, बाई."

"कळवा."

महिन्याभरात हुकूम आला. नेमणुकीच्या वेळी माहिती दडवली, म्हणून तपासणी खोलीतून नाव काढून तळमजल्याखालच्या रेकॉर्ड विभागात बदली. धाकट्याला हे कळण्याचं कारणच नव्हतं. तो घर सोडून केव्हाच गेला होता.

चौदा वर्षं!...

लोखंडी रॅक, खाकी फायली, छतालगत एक आडवी खिडकी, आणि तिच्यातून दिसणारी रस्त्यावरून जाणाऱ्यांची फक्त पावलं. पुढच्या काळात ताईची सोबत एवढीच. वरून मागणीची चिठ्ठी यायची, ताई फाइल काढून सामानाच्या छोट्या लिफ्टमध्ये ठेवायची, बटण दाबायची. दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडला तर तो भिंतीवरच्या फोनमधून. दुपारी डबा उघडायची तेव्हा झाकणाचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. सुरुवातीला ती स्वतःशीच मोठ्यानं बोलायची, मग तेही सुटलं.

धाकट्यानं बंदराच्या कचेरीत नोकरी धरली. ज्या जहाजांवर त्याला चढायचं होतं, त्यांच्या कागदांवर तो शिक्के मारू लागला. त्याचं लग्न झालं, ताईला कळलं ते शेजारणीकडून. मुलगी झाली, तिला घरात ठमी म्हणतात, हे आईकडून. आई त्याच्याकडे अधूनमधून जायची आणि परत आली की ताईच्या डोळ्याला डोळा देत नसे. ताईनं पाठवलेली पत्रं न उघडता परत आली. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची, 'डोळे तपासून घेतलेस का?' दोन वर्षांपूर्वी आई गेली. धाकटा आला, सगळं रीतसर केलं, आणि आल्या पावली निघाला. दारात ताई उभी होती. त्यानं तिला वळसा घातला, जसा एखाद्या खुर्चीला घालावा!

आई जाताना ताईचा हात धरून रडली होती, पण दिलेला शब्द तिनं मोकळा केला नव्हता.

आणि मग एक दिवस सकाळी साडेअकराला मागणीची चिठ्ठी आली. ताईनं ती डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, कारण आता उजव्या डोळ्यालाही लेन्स पूर्वीसारखी साथ देत नव्हती. जुना फाइल क्रमांक होता. आणि त्याखाली नव्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं : मुलगी, वय अकरा, शंकूची शंका. वडिलांची जुनी फाइल हवी.

ताईनं तो क्रमांक पुन्हा वाचला. तिला वाचायची गरजच नव्हती. तो तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता.

वर तो आला होता! तीन मजले वर, याच इमारतीत, तिचा सोन्या... आणि ठमी. तिनं फाइल काढली, ती उघडली आणि स्वतःचं अक्षर तिच्यासमोर आलं. काय सुरेख वळणदार लिहायची ती तेव्हा! तो एक कागद ओढून काढला असता तर कुणालाही कळलं नसतं. आईचा शब्द राहिला असता. धाकट्याच्या मनात बाबा धुक्यातच राहिले असते, आई निर्दोष राहिली असती. चौदा वर्षं राहिलीच होती ना?

तिचा अंगठा कागदाच्या कडेवर आला. आणि तिला ती पोर दिसली, कधीही न पाहिलेली, यंत्रावर हनुवटी टेकून बसलेली. डॉक्टरीणबाई विचारतायत, घरात कुणाला आहे का? आणि तिचा बाप म्हणतोय, नाही.

"आई, मला क्षमा कर," ताई त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली. तिनं फाइल बंद केली, पूर्ण, एकही कागद न काढता, लिफ्टमध्ये ठेवली आणि बटण दाबलं.

मग ती खुर्चीत बसून राहिली. बारा वाजले. साडेबारा झाले. डबा तसाच होता. कदाचित तो वाचेल आणि निघून जाईल, असं तिनं मनाला समजावलं. इतकी वर्षं गेल्यावर माणसानं कुणाकडून काय अपेक्षा करावी? पोरीचे डोळे वाचले, की झालं...

जिन्यावर पावलं वाजली. दारात एक आकृती उभी राहिली. उंच, जराशी पोक आलेली. चेहरा ताईला दिसत नव्हता, मागून येणाऱ्या उजेडात तो नुसता धूसर डाग होता.

"फाइल वर पाठवलीये," ती सवयीनं म्हणाली. "आणखी कुठली हवी होती?"

आकृती दोन पावलं पुढे आली, आणि मग एक हुंदका ऐकू आला, धाकटा सहा वर्षांचा असताना तिनं कितीतरी वेळा ऐकलेला.

"ताई... मी आहे गं! तुला मी दिसत नाही?"

ताई उठायला गेली, पण त्याआधीच तो तिच्या खुर्चीपाशी खाली बसला, फरशीवर, कचेरीच्या कपड्यांनिशी, आणि त्यानं तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं.

"वर तपासणी खोलीत तुला बघून काय बोलायचं हे मी बसमध्ये पाठ करून आलो होतो," तो म्हणाला. "कडू कडू वाक्यं. तिथे भलतीच मुलगी होती. म्हणाली, त्या बाई चौदा वर्षांपूर्वीच खाली गेल्या. आणि मग ती फाइल आली... चौदा वर्षं, ताई! मी तुला काय काय बोललो! आणि तू इथे, या भुयारात... का नाही सांगितलंस?"

"दुसऱ्याची गोष्ट होती रे. माझी एकटीची असती तर सांगितली असती."

तो वर बघू लागला. "आईची?"

एवढी वर्षं जपलेला तो शब्द अजूनही ताईला अडवत होता. पण तिला कळलं, की आता गप्प बसणं म्हणजे पुन्हा तेच करणं. आणि त्यात यावेळी अकरा वर्षांची पोर होती. तिनं सगळं सांगितलं. बाबांना दिसणारे दोन दिवे, ती लख्ख पहाट, आईनं मुठीत आवळलेला पदर. धाकटा ऐकत राहिला. ऐकताना त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"शेवटची माझ्याकडे आली होती ना," तो म्हणाला, "तेव्हा सारखी माझ्या तोंडाकडे बघायची. काहीतरी सांगायला तोंड उघडायची आणि मग म्हणायची, जेवलास का? मला वाटायचं, म्हातारपण... किती घाबरली असेल गं ती! तिच्यावर मी काय रागावू?"

त्या एका वाक्यासाठी ताईनं स्वतःचं सारं आयुष्य उलटंपालटं होऊ दिलं होतं, आणि ते वाक्य इतक्या साधेपणानं आलं, की तिला हसू आलं, आणि हसता हसता इतकी वर्षं न फुटलेला बांध फुटला. ती ओक्साबोक्शी रडली.

मग एकदम सावरून तिनं पदरानं डोळे टिपले. "ठमीचं काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई? जाडी किती आली? आणि तुझी तपासली का?"

"अगं, थांब जरा!" तो रडता रडता हसला. "वेळेत आलोत म्हणाल्या. औषधाचे थेंब घालून वरून विशिष्ट प्रकाश सोडतात, पडदा घट्ट होतो, आजार बहुतेक तिथेच थांबतो. पुढच्या आठवड्यात करायचंय. माझा थोडा पुढे आलाय, पण लेझर केलं असतं तर... त्यांनी फाइल वाचली आणि मला म्हणाल्या, या बाईंमुळे तुम्ही आज माझा चेहरा बघताय. मी तसाच जिना उतरत आलो."

"तिला डोळे चोळू देऊ नकोस. खाज आली की थंड पाण्याची पट्टी."

"तूच सांग ना तिला."

दाराशी दोन वेण्या डोकावल्या. ठमी बराच वेळ तिथे उभी असावी. ती ताईजवळ आली आणि तिच्या चेहऱ्याकडे अगदी जवळून, निरखून बघू लागली, जशी ताई आयुष्यभर इतरांच्या डोळ्यांत बघत आली होती.

"तू माझी आत्या? मग तू आमच्या घरी का येत नाहीस?"

बापानं मान खाली घातली. ताईनं तिच्या वेणीवरून हात फिरवला. "रस्ता माहीत नव्हता गं."

"आम्ही दाखवतो. आज येतेस? बाबा, आज ये म्हणा ना हिला!"

"ये, ताई," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात आज्ञा नव्हती, हक्कही नव्हता. नुसती भीती होती, ती नाही म्हणेल याची.

ताईनं वर फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. पलीकडच्या माणसाला ती नीट ऐकू आली नसावी, कारण तिला दोनदा सांगावं लागलं. चौदा वर्षांत तिनं अशी रजा कधी मागितलीच नव्हती. न खाल्लेला डबा तिनं पिशवीत टाकला, खोलीला कुलूप लावलं आणि तिघं जिना चढून वर आली.

रुग्णालयाच्या मुख्य दाराबाहेर भर दुपारचं ऊन पसरलं होतं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच ते ऊन ताईच्या डोळ्यांत फुटलं, रस्ता, गाड्या, माणसं, सारं एका पांढऱ्या धगीत विरघळलं, आणि रोज संध्याकाळी बाहेर पडताना राहायची तशी ती कठड्याला हात लावून उभी राहिली. उजेडात आल्यावर नजर परत यायला तिला दोन-तीन मिनिटं लागत. तेवढ्यात माणसं तिला धक्का देऊन, चुकचुकत पुढे निघून जायची.

"तुम्ही व्हा पुढे," ती ओशाळून म्हणाली. "मी येते."

एका बाजूला तिच्या कोपराला एक मोठा हात लागला, आणि दुसऱ्या बाजूला एक लहान, घामट हात तिच्या मुठीत शिरला. दोघंही तिथेच उभी राहिली. मागून येणारी माणसं आता तिघांना वळसा घालून जात होती.

"होऊ दे तुझं सावकाश, ताई," धाकटा म्हणाला. "आम्हाला काही घाई नाही."